फॉल कलर्स बघायला ऑक्टोबरात येऊ नका

गौरी-गणपती झाले, पाहुणे आपापल्या गाड्यांनी मुंबई-पुण्याला परतले, आणि जाता जाता माझ्या गळ्यात एक काम अडकवून गेले. ऑक्टोबरात, कोजागिरीच्या आसपास, सगळ्यांनी पुन्हा अलोऱ्याला जमायचं, दोन दिवस वर शिवसागराच्या काठी काढायचे आणि 'फॉल कलर्स' बघायचे. चौदा माणसं, तीन गाड्या. कोयनानगरला खोल्या बघ, बोटीचं काय ते विचार, आणि वर भाच्याची खास सूचना : "मामा, पानं नक्की कुठल्या आठवड्यात लाल होतात तेवढं फॉरेस्टवाल्यांना विचारून ठेव."

मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. फॉरेस्टवाले सभ्य माणसं आहेत, तोंडावर हसणार नाहीत, पण मी गेल्यावर हसतील. तर खोल्या का बघितल्या नाहीत याचं उत्तर एकदाच आणि सगळ्यांना मिळून देतोय. थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

सुरुवात कुठून झाली ते मला माहीत आहे. आरतीनंतर न्यू जर्सीच्या चुलत भावाने धाडलेले फोटो टीव्हीवर लावले होते. न्यू हॅम्पशायरमधला डोंगर, खाली तळं, तळ्यात डोंगराचं उलटं चित्र, आणि सगळं रान पेटल्यासारखं लाल-केशरी. फोटो सुंदरच होते, यात वाद नाही. मीसुद्धा दोनदा मागे घ्यायला लावले. मग वहिनी म्हणाल्या, "आपल्याकडे मेलं असलं काही नाही." त्यावर भाचा म्हणाला, "नाही कसं? आपल्याकडेपण डोंगर आहे, तळं आहे. ऑक्टोबरात जाऊ की!" झालं. ठरलं.

आता यात दोन चुका आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. वहिनींना वाटतं आपल्याकडे काहीच नाही. भाच्याला वाटतं तिकडे जे ऑक्टोबरात होतं ते इथेही ऑक्टोबरातच होईल. दोघांनीही दाराबाहेरचा डोंगर कधी नीट बघितलेला नाही, हे मात्र दोघांत सामायिक आहे.

तिकडे काय होतं ते आधी बघू. दिवस लहान होतात, रात्री गारठतात, थंडीत पानं सांभाळणं झाडाला परवडत नाही. पानातलं हरितद्रव्य मोडीत निघतं, त्याखाली मुळातच असलेला पिवळा रंग दिसू लागतो. शुगर मेपलसारखी झाडं त्यात तांबडा रंग नव्याने तयार करतात. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री थंडी पडली की तो जास्त खुलतो. आणि ती माणसं त्या रंगाचा पाठलाग कशी करतात ते भावाकडून ऐका. कुठल्या आठवड्यात कुठल्या खोऱ्यात रंग ऐन भरात असेल त्याचे नकाशे निघतात. रंग उत्तरेकडून दक्षिणेला आणि डोंगरमाथ्यावरून खाली उतरत येतो, त्या हिशेबाने लोक निघतात. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या सोमवारच्या सुट्टीला डोंगरातल्या रस्त्यावर आपल्या मुंबई-गोवा हायवेसारखी रांग लागते. जपानात तर या प्रकाराला स्वतंत्र शब्दच आहे, मोमिजीगारी, म्हणजे लाल पानांची शिकार. काश्मिरात शरदाला 'हरुद' म्हणतात. ऑक्टोबर संपता संपता आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथले चिनार लाल होतात. आपले पर्यटक दल सरोवराकाठी त्यांच्याखाली फोटो काढतात, आणि तिथली माणसं तीच गळलेली पानं झाडून, जाळून, हिवाळ्यातल्या कांगडीसाठी त्यांचा कोळसा करतात.

त्या लोकांकडून घेण्यासारखं काय असेल तर ते हे : आपल्या झाडाला कुठल्या आठवड्यात काय होतं हे त्यांना माहीत असतं. आपण उचलली फक्त तारीख.

बरं, तारीखही शाळेतच चुकली. इंग्रजीच्या पुस्तकात ऋतूंची नावं पाठ करताना 'ऑटम'चा अर्थ शरद ऋतू असा लिहून दिला होता. मीही तोच लिहिला, मार्कही मिळाले. पण शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. आपल्याकडे तेव्हा पाऊस नुकता संपलेला असतो, जमिनीत अजून भरपूर पाणी असतं, झाडांना पानं टाकायची काहीही घाई नसते. भात पिवळं होतं तेवढंच. पानगळ ही शिशिरातली, माघ-फाल्गुनातली गोष्ट. आपली झाडं थंडीला घाबरून पानं टाकत नाहीत (कोकणात थंडी असते कुठे?), ती पाणी वाचवायला टाकतात. कारणच वेगळं, तर वेळ तीच कशी असेल?

म्हणून कोजागिरीला तुम्ही आलात तर काय दिसेल ते सांगतो. हिरवं. कुंभार्ली घाटात हिरवं, हेळवाकला हिरवं, तळ्याच्या काठाला हिरवं. डोक्यावर ऑक्टोबर हिट. लाल पान शोधायचंच म्हटलं तर एकाच झाडावर मिळेल, आंब्यावर. पाऊस गेल्यावर कधी कधी आंब्याला तांबूस, मऊ, चकचकीत पालवी फुटते. दिसते फारच देखणी. पण ती बघून शेजारच्या बागायतदारासमोर 'वा, काय सुंदर!' म्हणू नका, तो तुम्हाला कोपरापासून हात जोडेल. कारण पालवी आली की मोहोर लांबला, आणि मोहोर लांबला की हापूस उशिरा. ती पालवी येऊ नये म्हणून तर लोक झाडाच्या बुंध्याशी कल्टार ओततात. आमच्याकडे ऑक्टोबरातलं लाल पान म्हणजे बागायतदाराच्या डोळ्यांत पाणी.

हो, दसऱ्याला आपट्याची पानं असतात खरी. तो आपला पानांचा सण. पण त्यात आपण पानं बघत नाही, ओरबाडतो. असो.

आता आमच्या रंगांचं वेळापत्रक. हे मी कुठल्या पुस्तकातून काढलेलं नाही, चाळीसएक वर्षं खिडकीतून बघितलेलं आहे. जानेवारी संपत आला की कॉलनीतले बदाम सुरू होतात. बदाम म्हणजे तो मोठ्या पानांचा, ज्याची फळं शाळेत दगडाने फोडून खाल्ली तो. हे एक झाड अगदी त्या न्यू हॅम्पशायरवाल्यांसारखं वागतं. जुनं पान गळण्याआधी लालभडक होतं. प्रकल्पाच्या क्वार्टर्सपुढे ही झाडं होती तेव्हा अंगणं झाडणाऱ्या बायका त्यांना शिव्या द्यायच्या, कारण एकेक पान पत्रावळीएवढं. आता क्वार्टर्स बरीचशी रिकामी आहेत, पानं तिथेच पडून राहतात.

फेब्रुवारीत घाट चढायला लागलात की सावर दिसते. एकही पान नाही आणि नुसती लाल फुलं. पांगारा तसाच. पळस इकडे थोडा, पण आहे. ऐन आणि किंजळ उघडे पडतात, त्यामुळे एरवी न दिसणारा डोंगराचा सांगाडा दिसतो, कातळ दिसतात, माकडं दिसतात. कुंभ्याची पानं गळण्याआधी तांबडी होतात. पिंपळ जुनी पानं टाकून तांब्याच्या रंगाची नवी नेसतो. आणि मग कोशिंब.

कोशिंब ज्याने फाल्गुनात बघितला नाही त्याने माझ्याशी फॉल कलर्सवर बोलू नये, असं मला उद्धटपणे म्हणायचं आहे. तोवर हा डोंगरातला एक साधा, गाठीगाठींचा वृक्ष असतो. त्याचं लाकूड इतकं टणक की पूर्वी तेलाच्या घाण्याला वापरायचे. त्याच्यावर लाखेचे किडे पोसतात. शिमग्याच्या आगेमागे त्याला पालवी फुटते ती लाल. तांबूस नाही, लालच. दुरून बघणाऱ्याला झाड फुललंय असं वाटतं, जवळ गेल्यावर कळतं की फूल एकही नाही, सगळं पानच आहे. सकाळी नऊच्या आत, ऊन पाठीमागून येत असताना झाडाखाली उभं राहायचं. दोन-तीन आठवड्यांत लालाचं शेंदरी, शेंदरीचं पोपटी होतं आणि मग तो पुन्हा गर्दीत मिसळून जातो. मेपलचं लाल हे जाणाऱ्या पानाचं, कोशिंबाचं येणाऱ्या पानाचं. रंगद्रव्य मात्र एकाच जातीचं. कोवळ्या पानाला उन्हापासून जपायला ते असतं असं काही शास्त्रज्ञ म्हणतात, किड्यांनी खाऊ नये म्हणून असतं असं काही म्हणतात. त्यांचं चालू द्या.

आणि हे सगळं कधी? जमिनीतलं पाणी आटलेलं, ऊन तापायला लागलेलं, पावसाला अजून तीन महिने. अशा वेळी ही झाडं नवी पानं काढतात. घाटमाथ्यावर तळ्याच्या बाजूच्या सदाहरित रानात जांभळाला कोवळी पालवी, थोडं पुढे अंजनीला जांभळट-निळा फुलोरा. ही सगळी सहल अलोऱ्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखी आहे. खोल्या लागतच नाहीत!

मला आठवतं, १३ मार्च १९९९ला शिवसागरात लेक टॅपिंग झालं. तळ्याचं पाणी न उपसता खालून बोगदा नेऊन तळाशी स्फोटाने भोक पाडलं, चौथ्या टप्प्यासाठी. त्या आठवड्यात इकडे दुसरा विषय नव्हता. पाणी कसं घुसणार, किती मेगावॅट होणार. मीही त्यातच होतो. दिवस फाल्गुनाचे होते, घाटात कोशिंब लाल झालेला असणार. एकाच्याही बोलण्यात आलं नाही. माझ्याही.

तुमच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. मार्चमध्ये शिवसागर भरलेला नसतो. पाणी वीज करत करत खाली आलेलं असतं : डोंगर पोखरून पोफळीला, तिथून कोळकेवाडीच्या धरणात, तिथून आमच्या अलोऱ्याच्या वीजघरात आणि शेवटी अवजल होऊन वाशिष्ठीत. त्यामुळे तळ्याभोवती उघड्या तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. उलटं चित्र वगैरे फारसं मिळणार नाही. ओझर्डे आटलेला असेल. ऊन लागेल. दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. आणि ठिकठिकाणी वणव्याने काळे झालेले उतार दिसतील. भरलेलं तळं हवं असेल तर ऑक्टोबरच बरा, त्यात खोटं नाही. फक्त त्याला पानं बघायला जाणं म्हणू नका. कोयनानगरपासून तापोळ्यापर्यंतच्या या पाण्याच्या वरच्या टोकाला आधीच 'मिनी काश्मीर' म्हणतात. आता खालच्या टोकाला 'मिनी न्यू हॅम्पशायर' नको.

एवढंच असतं तर मी गप्प बसून खोल्या बघून दिल्या असत्या. आलात, हिरवं बघितलंत, मिसळ खाल्लीत, गेलात. कुणाचं काय गेलं? पण त्याच दोन दिवसांत आणखी एक गोष्ट उरकून घ्यायची ठरली आहे, आणि भांडण खरं तिथे आहे.

आपला वरचा डोंगर. सातबारावर सामायिक, सहा वाटेकरी. वरकस जमीन, पिकत काही नाही. तिथलं उभं रान उक्तं द्यायला एक व्यापारी तयार आहे. सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि सगळे एकत्र भेटतायत ते कोजागिरीला. म्हणजे आपण सकाळी झाडाची पानं बघायला जाणार आणि संध्याकाळी अंगणात दूध आटवता आटवता झाडं विकल्याच्या कागदावर सह्या करणार. हे कुणाच्या लक्षातही आलेलं नाही असं मला वाटतं. कारण दोन्ही गोष्टी एकाच डोंगराच्या आहेत असं कुणी धरलेलंच नाही.

ऑक्टोबरात वर गेलात तर तुम्हाला तो डोंगर हिरवागार दिसेल. पण शेजारचा डोंगरही हिरवागार दिसेल, जो गेल्या मार्चमध्ये सपाट झाला! पावसाने बुंध्यांवर फूट येते, गवत छातीएवढं वाढतं, घाणेरी आणि रानमोडी पसरते. लांबून सगळं सारखंच. आमच्या मुलखाची ही मोठी गंमत आहे. पावसाळा सगळ्यावर पांघरूण घालतो. श्रावणात आणि गणपतीत येणारा माणूस दरवर्षी 'काय हिरवंगार आहे कोकण!' म्हणत परत जातो, आणि त्याच्या मोबाइलमध्ये डोंगर शाबूत असल्याचा पुरावा जमा होत राहतो. तोड सुरू होते ती पाऊस संपून गाडीवाट सुकल्यावर. फेब्रुवारी-मार्च म्हणजे तिचा भर. कोशिंब लाल होतो त्याच पंधरवड्यात कटरचा आवाज सगळ्यात मोठा असतो. तेव्हा तुम्ही इथे नसता.

'सरकार आहे की, अभयारण्य आहे, जागतिक वारसा आहे,' असं दादा फोनवर म्हणाला. आहे. कोयना अभयारण्य १९८५चं. चांदोली आणि ते मिळून २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, २०१२मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेलं. पण ते सगळं वर, तळ्याच्या बाजूला. घाटाखाली रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नगण्य आहे, रान आहे ते बहुतेक मालकीचं. मालकीचं म्हणजे कुणाचं? सहा वाटेकऱ्यांचं. म्हणजे वाघाला पत्ता विचारलात तर तो आपल्या सातबाराचा निघायचा!

मी काही साधू नाही. या घराने पिढ्यान् पिढ्या डोंगर वापरला आहे. ऐन-किंजळीचे टाळ तोडून कवळ केला, पातेरा गोळा करून राब भाजले, चुलीला फाटी आणली, आजोबांनी एकदा रान विकून लग्न केलेलं मला माहीत आहे. आमच्या बोलीत पानाला जितके शब्द आहेत, पालवी, टाळ, कवळ, पातेरा, त्यातले बहुतेक कामाचे आहेत. पानं बघून पोट भरत नाही हे ज्याला पोट भरायचं आहे त्याने म्हणावं, मी ऐकून घेईन. वाडीतल्या ज्याच्या घरी आजारपण आहे त्याने रान दिलं तर मी त्याला काय तोंडाने अडवू? पण आपण सहाजण? वाटणी करून एकेकाला एक बरासा मोबाइल येईल एवढी रक्कम आहे.

आणि पूर्वीची तोड ही नव्हती. कुऱ्हाडीने तोडायचे, बुंधा ठेवायचे, पुन्हा हात लावायला दहा-पंधरा वर्षं जायची, तोवर फूट वाढायची. आंबा, जांभूळ, कोशिंब, देवाचं झाड मध्ये ठेवलेलं असायचं. आता उक्तं म्हणजे जे उभं आहे ते सगळं. मागून जेसीबी येतो, बुंधेही उपटतो, कारण पुढे काजू लावायचा असतो नाहीतर प्लॉट पाडायचे असतात. उपटलेल्या बुंध्याला पालवी फुटत नाही. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, त्याच दिवशी घाटावर पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी घरांवर आल्या. त्याचं सगळं खापर मी तोडीवर फोडणार नाही, पाऊसच तसा होता. पण पूर ओसरल्यावर आत्याच्या चिपळूणच्या घरातला गाळ आपण सगळ्यांनी मिळून चार दिवस उपसला होता. ती माती कुठल्यातरी डोंगरावरचीच होती ना?

परवा संध्याकाळी वर जाऊन आलो. आपल्या हद्दीत कोशिंब सात आहेत. पैकी एकाच्या बुंध्याला दोन माणसांची कव लागते. आत्ता ते बाकीच्या झाडांत ओळखूसुद्धा येत नाहीत. मीच दोनदा चुकलो. तुम्हाला कसे दिसणार?

तेव्हा माझं म्हणणं असं. कोजागिरीला या, दूध प्या, घर तुमचंच आहे. तळ्यावर जायचं तर जा, भाच्याला गाडी चालवता येते. सह्यांचा कागद मात्र त्या दिवशी निघणार नाही, तो माझ्या कपाटात आहे आणि माझी सही त्यावर नाही. शिमग्याला तुमच्यातले निम्मे तरी पालखीसाठी येतातच. ज्यांच्या पोरांची परीक्षा असेल त्यांनी एकट्याने यावं, एका रात्रीचा प्रश्न आहे. सकाळी साडेसहाला निघू, आठपर्यंत डोंगरावर पोचू. सातही झाडं बघू. मग खाली येऊन कागद काढू, आणि तेव्हा ज्याला सही करायची असेल त्याने करावी, मी पेन देईन.

भावाने न्यू जर्सीहून यायचं ठरवलं तर तिकीट मार्चचं काढ म्हणावं. वर पाणी नाही, प्रत्येकाने आपापली बाटली आणायची. वहिनींना चढ जमणार नाही, त्यांच्यासाठी घाटातल्या तिसऱ्या वळणावर रस्त्यालगत एक झाड बघून ठेवलं आहे.